नजर न मिळवणारी माणसे आणि आपण

२०२४ सालच्या ऑगस्टअखेर नागपुरातील आमच्या वस्तीतले एक काका वारले. त्यांच्या जलदान विधीला मंडपात दीडशे-दोनशे माणसे होती. भंतेजींचा परित्राणपाठ झाला आणि एकेक जण उठून काकांच्या आठवणी सांगू लागला. काका किती मनमिळाऊ होते, समाजासाठी किती झटले, हे सांगताना बोलणाऱ्यांचे गळे दाटून येत होते. मध्येच माझा धाकटा भाऊ उठला. माईक न घेता, कोणाकडेही न पाहता, मंडपाच्या बांबूकडे बघत तो म्हणाला, ‘‘काका ११ मार्चला पहिल्यांदा डायलिसिसला गेले. २३ ऑगस्टपर्यंत ४७ वेळा गेले. त्यातल्या ६ वेळा मशीन रिकामी नव्हती म्हणून उशीर झाला.’’ एवढे बोलून तो खाली बसला.

मंडपात कुजबुज सुरू झाली. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे झुकून म्हणाले, ‘‘वकीलसाहेब, भावाले जरा समजवा. मयताच्या घरी हिशेब सांगते का कोणी?’’ मी मान खाली घातली. तेवढ्यात बायकांच्या बाजूने काकूंचा आवाज आला. ‘‘४७ही वेळा तोच सोबत होता. तुमच्यातलं कोणी एकदा तरी आलं होतं काय?’’ त्यानंतर मंडपात कोणी बोलले नाही.

त्या दिवशी मी मान खाली घातली, याची लाज मला आजही वाटते. वीस वर्षांपेक्षा अधिक काळ न्यायालयात आणि रस्त्यावर मी माणसाच्या प्रतिष्ठेविषयी बोलत आलो आहे. आणि माझ्या सख्ख्या भावाचे दुःख मला दुःख म्हणून ओळखता आले नाही, कारण ते माझ्या ओळखीच्या रूपात आले नव्हते. म्हणून हा लेख.

माझ्या भावाला अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम आहे. शाहरुख खानच्या २०१० सालच्या ‘माय नेम इज खान’ या चित्रपटामुळे हे नाव अनेकांच्या कानावरून गेले असेल. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, याचाच हा एक प्रकार. यात बोलायला उशीर होत नाही, बुद्धी कमी नसते. पण न बोलता सांगितले जाणारे, चेहऱ्यावरून आणि सुरावरून समजून घ्यायचे असे जे काही असते, ते आपोआप समजत नाही. आवाज, उजेड, स्पर्श यांचा त्रास इतरांपेक्षा फार जास्त होऊ शकतो. एखाद्या विषयात मन बुडाले की ते बाहेर निघत नाही. हा आजार नव्हे आणि तो औषधाने जात नाही. ही मेंदूची जन्मापासूनची वेगळी ठेवण आहे. आज वैद्यकशास्त्रात हे नाव वेगळे वापरले जात नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणाने त्याचा समावेश ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये केला. तथापि ज्यांना पूर्वी हे नाव मिळाले त्यांच्या तोंडी आणि कागदपत्रांत ते अजून आहे. नाव बदलल्याने दैनंदिन जगणे मात्र बदललेले नाही.

हे जगणे कसे असते? आपल्या समाजात बोलण्याचे कितीतरी नियम कोठेही लिहिलेले नाहीत. रस्त्यात ओळखीचे भेटले की आपण म्हणतो, ‘‘या कधी घरी.’’ याचा अर्थ ‘निरोप घेतो’ असा आहे, हे आपल्याला कोणी शिकवले? माझा भाऊ पुढच्या रविवारी चार वाजता अर्धा डझन केळी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला होता. ते कुटुंब लग्नाला निघाले होते. ‘‘तुम्हीच बोलावले होते,’’ असे तो म्हणाला, तेव्हा तो टोमणा मारतो आहे असा त्यांचा समज झाला. घरी पाहुणे आले की भाऊ विचारतो, ‘‘चहा घेणार?’’ पाहुणे रीतीप्रमाणे ‘‘नको नको’’ म्हणतात. तो ‘‘बरं’’ म्हणतो आणि आपल्या खोलीत जातो. पाहुणे चहाविना जातात आणि चार घरी सांगतात की, वकिलाच्या घरी पाण्यालाही कोणी विचारत नाही. एखाद्याने ‘‘कसं काय?’’ म्हटले तर तो खरोखरच कसे काय आहे ते सांगतो. पोट बिघडले असेल तर तेही सांगतो.

कोणी ‘जयभीम’ घातला की तो जयभीम म्हणतो, पण नजर समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे जाते. यामुळे वस्तीत त्याला ‘घमेंडी’ हे नाव पडले. नजर मिळवली की बोलणे ऐकू येत नाही आणि बोलणे ऐकायचे असेल तर नजर हलवावी लागते, असे त्याने मला एकदा सांगितले. दोन्ही एकदम केले तर डोक्यात गर्दी होते. म्हणजे तो नजर फिरवतो तो तुमचे ऐकण्यासाठी. आपण त्याचा अर्थ नेमका उलटा लावतो.

त्याच्याकडे एक दोनशेपानी वही आहे. गेली अनेक वर्षे तो त्यात नियम लिहितो. ‘लग्नात: पाकीट द्यायचे. छान झाले म्हणायचे. जेवल्यावर लगेच निघायचे नाही, १० मिनिटे थांबायचे.’ ‘कोणी रडत असेल तर: काय झाले हे एकदाच विचारायचे. उपाय सांगायचा नाही.’ ती वही मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आले आणि लगेच हसणे थांबले. आपल्याला जे श्वासासारखे सहज येते, ते हा माणूस परक्या देशाची भाषा शिकावी तसा रोज शिकत होता. आणि एवढे करूनही लग्नाहून आला की दुसरा पूर्ण दिवस अंधार करून पडून राहत होता. नातेवाईक त्याला आळशी म्हणत. स्वमग्न मुलींच्या बाबतीत तर हे लपवणे इतके बेमालूम होते की, अनेकींचे निदान फार उशिरा होते.

आवाजाचे दुःख वेगळेच. कुकरची शिट्टी, मिक्सर, ट्यूबलाइटची घरघर त्याला सुईसारखी टोचते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोरून जाताना त्याने दोन्ही कान झाकले, तर एक कार्यकर्ता सर्वांदेखत ओरडला, ‘‘बाबासाहेबांच्या जयंतीची लाज वाटते का रे?’’ ज्याला बाबासाहेबांच्या इंग्रजी ग्रंथांचे खंड क्रमाने तोंडपाठ आहेत, कोणत्या खंडात कोणता ग्रंथ आहे हे जो झोपेतही सांगेल, त्याला हा प्रश्न! दीक्षाभूमीवर तो दर महिन्याला जातो. पण पहाटे, जेव्हा तिथे झाडूवाला आणि कबुतरे यांशिवाय फारसे कोणी नसते.

जयंती समितीने एके वर्षी त्याच्याकडे हिशेब दिला. एका रुपयाचीही चूक निघाली नाही. पण जमाखर्चाच्या सभेत त्याने जसे होते तसे वाचले. एका पुढाऱ्याने व्यासपीठावरून ५,००१ रुपये जाहीर केले होते, प्रत्यक्षात २,००१ जमा झाले होते. भावाने दोन्ही आकडे वाचले आणि फरक ३,००० असे सांगितले. त्यात कोणावर आरोप नव्हता, ती वजाबाकी होती. पुढच्या वर्षी हिशेब दुसऱ्याकडे गेला. कारण काय सांगितले? ‘‘त्याला माणसे सांभाळता येत नाहीत.’’ खोटे न बोलणे हे ज्या पंचशीलाचे एक शील आहे, ते रोज म्हणणाऱ्या आपण सर्वांनी या प्रसंगाचा जरा विचार करावा.

येथवरचे प्रसंग अपमानाचे आहेत. पण काही प्रसंग जिवावर बेतणारे असतात. २०१८ साली रात्री अकराच्या सुमारास तो पायी घरी येत होता. नाकाबंदीवरच्या शिपायाने विचारले, ‘‘कुठून आलास?’’ भावाने विचारले, ‘‘आता, की मूळचा?’’ शिपायाला हा उद्धटपणा वाटला. त्याने कॉलर धरली. अचानक झालेला स्पर्श भावाला सहन होत नाही. त्याने हात झटकला. मी पोलीस ठाण्यात पोहोचलो तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला केल्याबद्दल भारतीय दंड संहितेचे कलम ३५३ लावण्याची भाषा सुरू होती आणि भाऊ बाकावर बसून पुढे-मागे डुलत होता. ‘‘नशा केला आहे, नजर मिळवत नाही,’’ असे मला सांगण्यात आले. मी वकील होतो म्हणून तो त्या रात्री घरी आला. ज्याच्या घरी वकील नाही, ज्याच्या आडनावावरून आणि वस्तीवरून आधीच त्याच्याविषयी मत बनवलेले असते, त्या पोराचे काय होत असेल?

या घटनेनंतर मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. २०१९ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्याचे निदान झाले. बंगल्यातल्या मुलाच्या अशाच वागण्याला लहानपणी ‘हुशार पण अबोल’ म्हणतात आणि तज्ज्ञ शोधतात. वस्तीतल्या मुलाला ‘येडा’ म्हणतात आणि शाळेच्या शेवटच्या बाकावर बसवतात. माझ्या भावाचीही पहिली तेहतीस वर्षे अशीच गेली.

निदानानंतर प्रमाणपत्राचा प्रश्न आला. आईने विरोध केला. ती म्हणाली, ‘‘जातीचा दाखला घेऊन फिरतोच आहे पोरगा. आता हा दुसरा दाखला कशाला? लग्न व्हायचं आहे त्याचं.’’ या वाक्याला माझ्याकडे कायद्याचे उत्तर होते, पण आईला देता येण्याजोगे नव्हते. वैद्यकीय मंडळासमोर गेलो, तेव्हा पहिल्या खेपेला विचारण्यात आले, ‘‘बी.कॉम. झालेला माणूस अपंग कसा?’’ आपल्याकडे ऑटिझमची मोजणी ४० बाबींच्या एका भारतीय मापनपट्टीवर होते. ज्याने आयुष्यभर वहीत नियम लिहून स्वतःला झाकले, तो तासाभराच्या भेटीत बराच ‘नॉर्मल’ दिसतो. झाकण्याच्या कष्टाचे गुण कोणी मोजत नाही. दुसऱ्या खेपेला मी ती वही सोबत नेली. दाखला मिळाला.

आता येथे एक सावधगिरीची गोष्ट. अशा माणसांची बाजू घेताना अनेक जण म्हणतात, ‘‘अहो, ही माणसे फार बुद्धिमान असतात, मोठमोठे शास्त्रज्ञ असेच होते.’’ हेतू चांगला असतो, परंतु हा युक्तिवाद धोक्याचा आहे. अ‍ॅस्पर्जर या नावाचाच इतिहास पाहा. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्जर यांनी १९४४ साली अशा मुलांवर प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या विशेष गुणांचे कौतुक केले, ती समाजाला उपयोगी पडतील असे मांडले. इंग्लंडच्या मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग, ज्यांची स्वतःची मुलगी स्वमग्न होती, यांनी १९८१ साली अ‍ॅस्पर्जर यांचे नाव या लक्षणसमूहाला रूढ केले. अनेक वर्षे अ‍ॅस्पर्जर हे नाझी राजवटीत मुलांना वाचवणारे डॉक्टर समजले जात. २०१८ साली हेरविग चेक या इतिहासकाराने जुनी कागदपत्रे तपासून दाखवले की, त्याच अ‍ॅस्पर्जर यांनी काही मुलांना व्हिएन्नाच्या ‘आम श्पिगेलग्रुंड’ या संस्थेत पाठवण्याची शिफारस केली होती. त्या संस्थेत १९४० ते १९४५ या काळात सुमारे ८०० मुले मारली गेली वा मरू दिली गेली. त्यांनी पाठवलेल्यांत तीन वर्षेही पूर्ण न झालेली एक मुलगी होती. ती आईवर असह्य ओझे आहे, असे त्यांनी नोंदवले होते.

म्हणजे एका बाजूला उपयोगी मुलांचे कौतुक आणि दुसऱ्या बाजूला निरुपयोगी ठरवलेल्यांची रवानगी, आणि दोन्हींवर सही एकाच डॉक्टरची. हा तराजू आपल्याला ओळखीचा आहे. ‘गुणवत्ता’ दाखवा, मग माणूस म्हणून जागा देऊ, हे वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. म्हणून माझा भाऊ हिशेबात पक्का आहे म्हणून त्याला मान द्या, असे मी म्हणणार नाही. उद्या त्याची बेरीज चुकली तरी त्याचा मान तेवढाच राहिला पाहिजे. जो मुलगा बोलत नाही, ज्याला शी-शूसाठी मदत लागते, त्याचाही तेवढाच राहिला पाहिजे. प्रतिष्ठा ही कर्तबगारीची मजुरी नव्हे.

दुसरा गैरसमज असा की, या माणसांना भावना नसतात, दुसऱ्याचे मन कळत नाही. स्वतः स्वमग्न असलेले इंग्लंडचे अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली एक साधा प्रतिप्रश्न केला. त्यांना आमचे मन कळत नाही हे ठीक, पण आम्हाला तरी त्यांचे मन कोठे कळते? न कळणे दोन्ही बाजूंनी आहे, मग दोष एकाच बाजूवर का? एडिंबराच्या संशोधकांनी २०२० साली कानगोष्टीसारखा प्रयोग केला. गोष्ट एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगायची. स्वमग्न माणसांनी आपसात ती इतरांइतकीच नीट पोहोचवली. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. २०२५ साली हाच प्रयोग मोठ्या गटावर झाला, तेव्हा मिश्र साखळीही मागे पडली नाही. दोन्ही प्रयोगांत स्वमग्न माणसे संवादात उणी ठरली नाहीत. मंडपातला प्रसंग मला आता वेगळा दिसतो. त्या दिवशी दुसऱ्याचे मन न कळलेला माणूस माझा भाऊ नव्हता, मी होतो.

कायद्याने या बाबतीत समाजाच्या पुढे पाऊल टाकले आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि त्यात ऑटिझम स्पेक्ट्रम आहे. या कायद्यातील तीन गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असाव्यात. पहिली, वाजवी सोय. दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क बजावता यावा म्हणून आवश्यक ते बदल करणे, मात्र त्याचा बोजा अवाजवी नसावा. ही सोय नाकारणे म्हणजेच भेदभाव, असे व्याख्येतच म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विकास कुमार विरुद्ध लोकसेवा आयोग या प्रकरणात हेच तत्त्व ठासून सांगितले. दुसरी, कलम ३४ नुसार सरकारी आस्थापनांत ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी ४ टक्के जागा आहेत. त्यातील १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे. खासगी नोकरीत असे आरक्षण नाही, परंतु समान संधीचे धोरण जाहीर करण्याचे बंधन कलम २१ ने प्रत्येक आस्थापनेवर टाकले आहे.

तिसरी गोष्ट आपल्या वाचकांना चटकन ओळखू येईल. कलम ९२ म्हणते की, दिव्यांग व्यक्तीला लोकांच्या नजरेसमोर, मानहानी करण्याच्या उद्देशाने, हेतुपुरस्सर अपमानित करणे वा धमकावणे हा गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ५ वर्षे आणि दंड. ही भाषा कोठे ऐकली? अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात. आधीचे कलम ३(१)(x), आताचे ३(१)(r). शब्दही तेच, शिक्षाही तीच. चारचौघांत केलेला अपमान हा केवळ वाईट वागणूक नसून गुन्हा आहे, हे या देशाच्या कायद्याने आधी आपल्या अनुभवातून शिकून घेतले आणि मग ते संरक्षण दिव्यांगांनाही दिले. ज्यांच्या वेदनेतून ही शब्दरचना आली, त्यांच्याच मिरवणुकीत आणि सभेत कोणी कान झाकणाऱ्या पोराला हिणवावे, याहून मोठी विसंगती कोणती?

वास्तविक पाहता मागणी फार मोठी नाही. बोलवायचे तर दिवस आणि वेळ सांगा. नजर मिळवण्याचा आग्रह धरू नका. काही चुकले तर टोमणा न मारता सरळ शब्दांत सांगा. सभागृहात एक शांत कोपरा ठेवा. स्पीकरची दिशा बदला. अंगाला हात लावण्यापूर्वी विचारा. आणि आपल्या घरात असे कोणी असेल तर दाखला लपवू नका. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

२०२५ साली काकांचा पहिला स्मृतिदिन आला. काकू आमच्या दारात आल्या आणि भावाला म्हणाल्या, ‘‘बाबू, ३१ ऑगस्टला, रविवारी, संध्याकाळी सहा वाजता ये. आठला संपेल. भाषणं नाहीत, माईक नाही. दहा-बारा माणसं असतील. चहा पाहिजे असेल तर मागून घे.’’ भाऊ सहाला पाच कमी असताना पोहोचला. भिंतीला टेकून बसला, कोणाशी फारसे बोलला नाही. दोनदा चहा मागितला. आठ वाजता उठला, जयभीम म्हणाला आणि घरी आला. दुसऱ्या दिवशी तो अंधारात पडून राहिला नाही, वेळेवर कामाला गेला.

काकू चौथी शिकलेल्या आहेत. त्यांनी २०१६ चा कायदा वाचलेला नाही, वाजवी सोय हा शब्द ऐकलेला नाही. जे त्यांना जमले, ते आपल्यासारख्या शिकलेल्या कार्यकर्त्यांना का जमू नये?